खारबांधाच्या उघाडीचें लाकडी दार : खाऱ्या पाण्यापासून त्याचें रक्षण

कोंकणांत खाडीकांठीं ज्यांची भातशेती आहे, त्यांस उघाडी म्हणजे काय हें सांगावयास नको. घाटावरील वाचकांकरितां मात्र थोडा खुलासा केला पाहिजे. भरतीचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून खाडीच्या कडेनें मातीचा बांध घालतात. पावसाचें पाणी बाहेर जावें म्हणून त्या बांधांत दगडी मोरी बांधून तिच्या खाडीकडील तोंडास लाकडी दार बसवितात, हीच उघाडी. गोव्याच्या खाजणांत हिला मानस म्हणतात. ओहोटीस आंतील पाण्याच्या रेट्यानें दार आपोआप उघडतें व भरतीस बाहेरील रेट्यानें तें मिटतें. शेतकरी जागा असो वा निजलेला असो, दार आपलें काम दिवसांतून दोन वेळां करीत असतें.

आपण बांधावर दरसाल माती चढवितों. दाराकडे मात्र तें मोडेपर्यंत पाहत नाहीं. भात पोटरीस आलें असतां अमावास्येच्या उधाणास दाराची एक फळी फुटली, तर एका रात्रींत उभें पीक जातें. नुकसान तेवढ्यावरच थांबत नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. ते एकदां मातींत बसले म्हणजे धुऊन निघण्यास दोन-तीन पावसाळे लागतात. बांधास पडलेली खांड दुरून दिसते. दाराचा नाश आंतून होतो, म्हणून तो दिसत नाहीं. हें एक वाक्य लक्षांत राहिलें तरी या लेखाचा हेतु सफळ झाला.

परदेशांतहि हा धडा लोकांनीं मोठी किंमत देऊन शिकला आहे. इ. स. १७३१ च्या सुमारास हॉलंडांतील समुद्रबांधांचे लाकडी खांब समुद्री किड्यानें पोखरलेले आढळले. वरून धड दिसणारे खांब आंतून पोकळ झाले होते. लाकडाचा भरंवसा सोडून त्या लोकांस परमुलखांतून दगड आणावा लागला व बांधांची रचनाच बदलावी लागली.

नाशाचीं कारणें.— हीं मुख्यतः चार आहेत.

पहिलें, कुजणें. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल व हवा हीं दोन्ही लागतात. सदैव पाण्याखालीं असणाऱ्या भागास हवा कमी पडते व कोरड्या भागास ओल मिळत नाहीं. म्हणून दाराची वरची कड, चौकटीचा माथा व सांधे, म्हणजे जेथें पावसाचें गोडें पाणी मुरून राहतें, तींच ठिकाणें प्रथम कुजतात.

दुसरें, क्षार. ओहोटीस दार उघडें पडून उन्हानें वाळतें. लाकडांत शिरलेल्या पाण्यांतील मिठाचे खडे तेथेंच बनतात व ते तंतूंस एकमेकांपासून दूर रेटतात. असें वारंवार झालें म्हणजे लाकडाचा पृष्ठभाग लोकरीसारखा पिंजून निघतो व पाण्यास आंत जाण्याची वाट मोकळी होते.

तिसरें, लोखंड. खाऱ्या पाण्यांत खिळा लवकर गंजतो. गंज मूळच्या लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळें फळी चिरते; भोंवतालचें लाकूड काळें व भुसभुशीत होऊन खिळ्याची पकड सुटते. दोन निरनिराळे धातु एकत्र आले तर हा नाश अधिकच त्वरेनें होतो. ब्रिटिश आरमारानें इ. स. १७६१ मध्यें ‘अलार्म’ नांवाच्या जहाजाच्या तळास तांब्याचा पत्रा मारला. किड्यापासून लाकूड वांचलें; परंतु सुमारें दोन वर्षांनीं पाहतां, पत्र्यास भिडलेले लोखंडी खिळे झिजून गेलेले आढळले. जेथें मध्यें कागदाचा थर राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते.

चौथें कारण समुद्री किडा. यास किडा म्हणतात खरें, पण हा शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे. तो अगदीं लहान असतां टांचणीच्या टोंकाएवढ्या छिद्रानें लाकडांत शिरतो, आंतच वाढतो व आपल्या बिळास चुन्याचें पांढरें अस्तर लावतो. पावसाळ्यांत गोड्या पाण्याच्या लोंढ्यानें त्याचा जोर कमी होतो. दिवाळीनंतर खाडीचें पाणी खारें होऊं लागलें म्हणजे तो पुन्हां बळावतो.

परीक्षा.— चैत्र-वैशाखांत, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असतां, ओहोटी पाहून दार उतरवावें. चिकटलेलीं कालवें व शिंपले खरवडून काढावे. मग लाकडी हातोडीनें प्रत्येक फळी वीतभर अंतरानें ठोकून पाहावी. निरोगी फळी खणखणीत वाजते, पोखरलेली बद्द वाजते. सांध्यांत व खिळ्यांच्या भोंवतीं टोंचणी खुपसून पाहावी. ती सहज आंत गेली तर ती फळी बदलावी. अशा फळीवर रंग किंवा तेल देणें म्हणजे पैसा खाडींत टाकणें होय.

उपाय.— नवें दार सागाच्या किंवा ऐनाच्या गाभ्याच्या लाकडाचें करावें. सालीलगतचें पांढरें लाकूड कितीहि स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. किडा व बुरशी यांस तेंच प्रथम बळी पडतें. शक्य तेथें लाकडी खुंट्या वापराव्या. धातूचे खिळे लागलेच तर ते तांब्याचे किंवा समुद्राच्या पाण्यास टिकणाऱ्या गंजरोधक पोलादाचे असावे. परंतु एका दारांत एकच धातु असावा.

उतरविलेलें दार प्रथम गोड्या पाण्यानें तीन-चार वेळां धुवावें व सावलींत वाळूं द्यावें. वाळतांना पांढरी खार वर आली तर पुन्हां धुवावें. मीठ हवेंतील ओल ओढून घेतें, म्हणून तें आंत राहिलें असतां लाकूड पुरतें वाळत नाहीं व तेल मुरत नाहीं. कांहीं आठवडे नीट वाळविल्यानें आंतील किडेहि मरतात.

दार वाळल्यावर काजूच्या टरफलांचें तेल द्यावें. पश्चिम किनाऱ्यावर होड्यांस हें तेल फार पूर्वींपासून देत आले आहेत. एक हात मुरल्यावर दुसरा द्यावा, असे तीन हात द्यावे. फळ्यांचीं आडवीं कापलेलीं तोंडें, सांधे व खिळ्यांचीं भोकें यांस दुप्पट तेल पाजावें. कारण तोंडावाटे लाकूड जितकें पाणी पितें तितकें अंगानें पीत नाहीं. हें तेल बिब्याप्रमाणें अंगावर उततें, म्हणून हातमोजे घातल्यावांचून काम करूं नये व मुलांस जवळ येऊं देऊं नये. शेवटीं फटींत कापूस ठासून तेलांत मळलेली राळ भरावी.

डांबर, यंत्रांतील जळकें तेल व सोमलयुक्त औषधें यांचा मोह टाळावा. मोरीच्या तोंडाशीं मासे व कोळंबी असतात आणि त्यांवर गांवांतील कित्येकांचें पोट चालतें. शिवाय ओल्या लाकडास डांबर फांसलें तर ओल आंतच कोंडली जाऊन दार वरून काळेंभोर व आंतून कुजकें होतें.

जोड दार.— वरील सर्व खटाटोप दार उतरविल्यावांचून होत नाहीं आणि उघाडी एक भरतीहि मोकळी ठेवतां येत नाहीं. याकरितां एकाच मापाचीं दोन दारें करून ठेवावीं. एक पाण्यांत असतां दुसरें धुऊन, वाळवून, तेल पाजून तयार असावें. दरसाल त्यांची पालट करावी व पालटीचा दिवस वहींत टिपावा. दुसऱ्या दाराचा खर्च जड वाटेल. पण तो बांधाखालील सर्व खातेदारांवर एकरीं वांटला, तर एका हंगामाच्या बुडालेल्या भाताशीं त्याची तुलनाच होणार नाहीं. बांध सरकारी खारभूमि योजनेंतील असेल, तर दारास हात लावण्यापूर्वीं त्या खात्यास कळवावें.

येत्या वैशाखांत आपल्या उघाडीचें दार एकदां तरी उतरवून ठोकून पाहावें, एवढीच शेतकरी बंधूंस विनंति आहे.