गिरनार आणि गीर : तीन दिवसांचा पाठ

बडोद्यातील मराठी घरांना गिरनार नवा नाही. दत्तपादुकांच्या दर्शनास जाण्याचा परिपाठ आपल्याकडे जुना आहे आणि अलीकडे त्याला गीरच्या सिंहांची जोड मिळाली आहे. तथापि पुष्कळदा प्रवास असा होतो की, एक दिवस पायऱ्या चढावयाच्या, दुसऱ्या दिवशी सिंह पाहावयाचा, तिसऱ्या दिवशी सोमनाथ करून परतावयाचे. घरी आल्यावर मुलांना विचारावे, "काय पाहिलेत?" तर उत्तर एकच येते, "सिंह." हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे मात्र आहे. म्हणून जुनागढला मुक्काम ठेवून तीन दिवसांत काय पाहावे आणि पाहताना कोणता प्रश्न मनात ठेवावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. प्रश्न असा : जे आपण पाहत आहोत, ते आजवर टिकले कसे?

पहिला दिवस : शिळा आणि सरोवर

बडोद्याहून जुनागढ सुमारे चारशे किलोमीटर आहे. गावातून गिरनारच्या पायथ्याकडे जाताना वाटेवर एका छताखाली एक प्रचंड शिळा आहे. यात्रेकरूंच्या गाड्या तिच्यावरून सरळ पुढे निघून जातात. आपण मात्र तेथे निदान एक तास थांबावे. या एकाच शिळेवर तीन राजवटींचे लेख आहेत. सर्वांत जुने सम्राट अशोकाचे १४ धर्मलेख, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेले. माणसांप्रमाणेच जनावरांच्याही औषधोपचाराची सोय केली, असे त्यांतील दुसरा लेख सांगतो. बाराव्या लेखाचा आशय असा की, स्वतःच्या पंथाच्या प्रेमापोटी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. हा लेख मुलांना त्या जागीच समजावून सांगावा.

दुसरा लेख महाक्षत्रप रुद्रदामनाचा. त्यावरील वर्ष ७२ आहे आणि आपण पंचांगात जो शालिवाहन शक लिहितो, त्याच गणनेतील ते मानले जाते, म्हणजे इ.स. १५०. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा जिंकले, परंतु जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असा उल्लेख यात असल्याने महाराष्ट्राच्या इतिहासालाही हा लेख महत्त्वाचा आहे. पण लेखाचा मुख्य विषय युद्ध नव्हे, एका धरणाची दुरुस्ती हा आहे.

गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन नावाचे सरोवर होते. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने ते बांधविले. अशोकाच्या काळी तुषास्फ नावाच्या यवन अधिकाऱ्याने त्याला पाट काढले. पुढे रुद्रदामनाच्या काळात अतिवृष्टी आणि वादळ होऊन बांध फुटला. भगदाड ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल पडले. एवढे काम होणे नाही, असे म्हणून मंत्र्यांनी विरोध केला. बांध पुन्हा होणार नाही या निराशेने प्रजा आक्रोश करू लागली. तेव्हा सुविशाख नावाच्या पह्लव अधिकाऱ्याने ते काम अंगावर घेतले आणि पुरे केले. त्यासाठी लोकांवर कर किंवा वेठ लादली नाही, खर्च राजाच्या खजिन्यातून केला, हे लेखात मुद्दाम नोंदले आहे. सुमारे तीनशे वर्षांनी बांध पुन्हा फुटला. तो स्कंदगुप्ताच्या काळी, इ.स. ४५६ च्या सुमारास, चक्रपालिताने बांधून काढला. त्याची हकीकत शिळेवरील तिसऱ्या लेखात आहे.

आता बांधणाऱ्यांची आणि दुरुस्त करणाऱ्यांची नावे एका ओळीत मांडून पाहावी. कोणी मगधाचा अंमलदार, कोणी यवन, कोणी पह्लव, कोणी गुप्तांचा अधिकारी. वंश वेगळे, राजे वेगळे, पण पाणी एकच. आज ते सरोवर उरले नाही. दुरुस्त करणाऱ्यांची मालिका जेथे तुटली, तेथे पाणीही गेले.

दुपारी उपरकोट किल्ला पाहावा. खडकात खोल उतरलेली अडीकडीची वाव आणि नवघण कुवो ही तेथील पाहण्याची मुख्य ठिकाणे. संध्याकाळी गावातील महाबत मकबरा पाहावा. शेजारच्या वजिराच्या मकबऱ्याच्या मिनारांना बाहेरून वळसे घालीत चढणारे जिने मुलांना फार आवडतात.

दुसरा दिवस : पर्वत

गिरनारला सुमारे दहा हजार पायऱ्या आहेत. २०२० च्या ऑक्टोबरपासून रोपवे सुरू झाल्यामुळे वृद्धांना अंबाजीच्या देवळापर्यंत बसून जाता येते. पुढे गोरखनाथ आणि दत्तात्रेयाचे शिखर मात्र पायांनीच गाठावे लागते, नाहीतर डोली करावी लागते. धडधाकट माणसांनी पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, पायऱ्यांनी निघावे आणि पाणी जवळ ठेवावे.

वाटेत जैन मंदिरांचा समूह लागतो. नेमिनाथांचे मंदिर बाराव्या शतकातील आणि वस्तुपाल व तेजपाल या बंधूंनी उभारलेले मल्लिनाथांचे मंदिर तेराव्या शतकातील. ज्या टोकावर आपण दत्तपादुकांना माथा टेकतो, तेच स्थान जैन बांधवांना नेमिनाथांच्या निर्वाणामुळे पवित्र आहे. दक्षिणेकडील दातारच्या डोंगरावर जमियलशाह दातार यांचा दर्गा आहे. तेथे हिंदू व मुसलमान दोघेही नवस घेऊन जातात. पर्वत एकच, वाटा अनेक. आदल्या दिवशी शिळेपाशी वाचलेला बारावा लेख येथे पाळावयाचा असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

तिसरा दिवस : अरण्य

सासण जुनागढपासून सुमारे साठ किलोमीटर आहे. १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंद असते, तेव्हा चातुर्मासात जाण्याचे ठरवू नये. परवाना वनखात्याकडून आगाऊ घ्यावा लागतो आणि ओळखपत्र जवळ ठेवावे लागते. ठरलेल्या मार्गांवर मोजक्याच उघड्या जीप सोडतात आणि फेरी सुमारे तीन तासांची असते. गाडीतून उतरू नये, भडक कपडे घालू नयेत, बोलू नये. सिंह दिसला नाही तरी चितळ, सांबर, नीलगाय आणि मोर दिसतात. हिरण नदीवरील कमलेश्वर धरणात मगरी आहेत. अरण्यातील नेसांमध्ये म्हशी पाळणारे मालधारी राहतात. जवळच्या जांबूर गावी आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे वंशज सिद्दी लोक राहतात. त्यांचे धमाल नृत्य प्रसिद्ध आहे.

पश्चिम आशियापासून मध्य हिंदुस्थानापर्यंत एकेकाळी पसरलेला हा आशियाई सिंह शिकारीमुळे केवळ गीरमध्ये उरला. जुनागढच्या नवाबांनी शिकारीला आळा घातला म्हणून तो वाचला. गीरचा पूर्वेकडील धारीचा भाग बडोदे संस्थानच्या अमरेली प्रांतात होता, म्हणजे या अरण्याशी आपल्या शहराचा जुना संबंध आहे. १९६५ साली अभयारण्य झाले आणि १९७५ साली त्यातील काही भाग राष्ट्रीय उद्यान झाला. गणनेत २०१५ साली ५२३, २०२० साली ६७४ आणि २०२५ साली ८९१ सिंह भरले.

आकडे वाचून समाधान वाटते. परंतु धोका येथेच आहे. निम्म्याहून अधिक सिंह आता अभयारण्याच्या बाहेर, शेतांत आणि गावांलगत वावरतात. उघड्या विहिरींत पडून सिंह मरू लागले, तेव्हा विहिरींना कठडे बांधण्याचे काम हाती घ्यावे लागले. २०१८ साली धारीकडील दलखाणिया भागात रोगाची साथ येऊन काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. सगळे सिंह एकाच मुलखात असल्याने मोठी साथ आल्यास सारी जातच संकटात येईल. म्हणून काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे न्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. तो अद्याप अमलात आलेला नाही. कुनोत २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते आले, सिंह नाहीत. २०२३ साली एक सिंह आपण होऊन पोरबंदरकडील बरडा अभयारण्यात पोहोचला. आता तेथे सिंहांचे दुसरे घर वसविण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण बरडाही सौराष्ट्रातच आहे.

यात प्रवाशाचेही कर्तव्य आहे. रात्री शेतात नेऊन, जनावर बांधून, पैसे घेऊन सिंह दाखवितो असे कोणी म्हणाल्यास साफ नकार द्यावा. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि माणसाकडून भक्ष्याची सवय लागलेला सिंह शेवटी माणसाला आणि स्वतःलाही घातक ठरतो.

मुलांसाठी तीन प्रश्न

१. सुदर्शन सरोवर किती वेळा फुटले आणि दर वेळी कोणी बांधले?
२. पर्वतावर कोणकोणत्या धर्मांची स्थाने पाहिलीत?
३. सिंहांची संख्या वाढूनही काळजी का वाटावी?

परतीच्या गाडीत ही उत्तरे मुलांकडून लिहून घ्यावीत. महोत्सवाच्या प्रसंगी संस्थापकांची नावे आपण आदराने घेतो आणि ती घेतलीच पाहिजेत. पण सुदर्शनाचा बांध कित्येक शतके टिकला तो पुष्यगुप्ताइतकाच सुविशाख आणि चक्रपालित यांच्यामुळे. दोघांनीही मूळ बांध घातला नव्हता. फुटला तेव्हा ते पुढे झाले.