राखणदाराचा वाटा
(अभ्यासपाठ: जंगल, वन्यजीव आणि सरकारी निधी)

शास्त्रवाचन: उत्पत्ती २:१५, उत्पत्ती ४:९, अनुवाद २२:६-७, लूक १६:१०-१२, २ करिंथ ८:१८-२१



ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहतो आणि गोफण घेऊन राखणदार बसतो. राखणदाराला दोन गोष्टी आधीच माहीत असतात: पीक कोणाचे आहे आणि राखणीचा वाटा किती ठरला आहे. हे ठरलेले नसेल तर राखण मनापासून होत नाही आणि खळ्यावर भांडण होते. या पाठात आपण हाच प्रश्न जंगलाच्या बाबतीत विचारणार आहोत. वन्यप्राणी आणि जंगल राखण्यासाठी सरकार गावाला निधी देते, तेव्हा गाव मजूर असते की भागीदार? आणि भागीदार व्हायचे असेल तर गावाने काय करायला हवे?

१. शास्त्र काय शिकवते?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते दोन कामांसाठी: मशागत आणि राखण. बाग देवाची, माणूस तिचा राखणदार. येथे राखणीसाठी जो हिब्रू धातू आला आहे तो 'शामार'. पुढे चौथ्या अध्यायात हाबेलाविषयी विचारल्यावर काइन उलट प्रश्न करतो की मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? तेथेही हाच धातू आहे. बाग राखणे आणि भाऊ राखणे यांसाठी शास्त्राने एकच शब्द वापरला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वाघ वाचवताना कोलाम भावाला विसरलो तर राखण अर्धी राहिली. भावाच्या नावाखाली जंगल विकून टाकले तरीही अर्धीच राहिली.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर पिल्ले घ्यावी, पण आईला सोडून द्यावे. गरिबाची गरज येथे नाकारलेली नाही. पण उद्याचा झरा आजच आटवू नये, अशी मर्यादा घातली आहे. मोहाची फुले वेचणाऱ्या, चारोळी गोळा करणाऱ्या आपल्या आदिवासी बायांना हा धडा नवा नाही. झाडाखालची फुले घ्यायची, फांदी तोडायची नाही, हे त्या आईकडून शिकलेल्या असतात.

२. आपल्या भागातील वस्तुस्थिती

नांदेड जिल्ह्यात जंगल आहे ते मुख्यतः किनवट आणि माहूर तालुक्यांत. गोंड, कोलाम, आंध, परधान हे समाज तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांपैकी कोलाम समाजाला केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिम गटांत धरले आहे. पैनगंगा नदीच्या काठाने यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांत पैनगंगा अभयारण्य पसरले आहे. त्याच्या पूर्वेला, यवतमाळ जिल्ह्यातच टिपेश्वर अभयारण्य आहे. ते लहान आहे, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचे. तेथे वाढलेल्या वाघांना जागा पुरत नाही म्हणून ते बाहेर पडतात.

२०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ निघाला आणि तेलंगणाचा आदिलाबाद, मराठवाड्यातील हिंगोली असा फिरत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हा प्रवास कळला. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात दिसला. लातूरच्या वाचकांसाठी तर हे शेजारचेच गाव. लातूर जिल्ह्यात जंगल अगदी नगण्य आहे, तरी तिथल्या गायरानांवर काळवीट चरतात आणि रानडुकरे पिकात शिरतात. वन्यप्राणी अभयारण्याच्या हद्दीत मावत नाहीत. ते शेतातून, गायरानातून, पोडाच्या मागच्या ओढ्यातून जातात. म्हणून गावाला सोबत घेतल्याशिवाय ते वाचवता येणार नाहीत, हे सरकारनेही आता मान्य केले आहे.

३. निधी कोणत्या वाटांनी येतो?

पहिली वाट वनखात्याच्या समित्यांची. १ जून १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकानंतर देशभर संयुक्त वन व्यवस्थापन सुरू झाले आणि गावोगाव वन समित्या झाल्या. संरक्षित क्षेत्रांलगतच्या गावांत ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या असतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजना आणली. आधी व्याघ्र प्रकल्पांच्या बफर गावांसाठी असलेली ही योजना पुढे अभयारण्यांलगतच्या गावांपर्यंत वाढवली गेली. सवलतीत गॅस जोडणी, पाणवठे, रोजगाराचे प्रशिक्षण अशी कामे तिच्यात होतात. या समित्यांत अध्यक्ष गावचा असतो, पण सचिव बहुतेक वेळा वनखात्याचा कर्मचारी असतो.

दुसरी वाट कॅम्पा निधीची. धरण, खाण किंवा रस्त्यासाठी जंगल गेले की त्याची भरपाई या निधीत जमा होते. त्यासाठी २०१६ मध्ये कायदा झाला आणि २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये दिले. वृक्षलागवड, वणवा रोखणे, वन्यजीव व्यवस्थापन यांवर हा पैसा खर्च होतो. पैसा मोठा आहे, पण तो वनखात्यामार्फतच येतो.

तिसरी वाट पेसाची. किनवटचा अनुसूचित क्षेत्रात समावेश असल्याने तिथल्या ग्रामपंचायतींना ती खुली आहे. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के रक्कम अबंध निधी म्हणून पेसा ग्रामपंचायतींना दिली जाते. हा निधी ज्या चार बाबींवर खर्चायचा त्यांपैकी एक बाब वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण आणि वनोपजीविका ही आहे, आणि दुसरी वनहक्क व पेसा कायद्यांची अंमलबजावणी. खर्च कशावर करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे असते. बहुतेक गावांत या निधीतून रस्ता आणि समाजमंदिर होते, ते हवेच आहे. पण पाणवठा, जाळरेषा किंवा राखणदारांचा मेहनताना यासाठीही याच निधीत जागा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

चौथी वाट नवी आहे. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानात सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांच्या व्यवस्थापन आराखड्यांसाठी साहाय्याची तरतूद आहे.

पीक किंवा जनावराच्या नुकसानीची भरपाई या चारही वाटांपासून वेगळी आहे, ती शेतकऱ्याचा स्वतंत्र हक्क आहे. समितीला पाणवठा मिळाला म्हणून भरपाईचा अर्ज सोडून देऊ नये.

४. भागीदारीची तीन लक्षणे

पहिले लक्षण हक्क. वनहक्क कायदा २००६ चा, आणि त्याची अंमलबजावणी २००८ पासून. या कायद्याने गावाला आपले सामूहिक वनसंसाधन राखण्याचा, त्याचे पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. अभयारण्यातील जमीनही यात येते. 'अभयारण्य आहे, दावा करता येत नाही' असे कोणी सांगितले तर ते कायद्याला धरून नाही. याच कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि पाणलोट राखण्याचा अधिकार देते. सोबत हेही सांगायला हवे की शिकारीचा हक्क या कायद्याने दिलेला नाही. हक्क आणि राखण एकाच कागदावर लिहिलेले आहेत.

दावा 'नमुना क' मध्ये भरायचा असतो. ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो.

दुसरे लक्षण आराखडा. पाणी उन्हाळ्यात कुठे टिकते, अस्वल कोणत्या बाजूने येते, वणवा दरवर्षी कुठून लागतो, मोह किती उरला, हे गावाला ठाऊक असते. ते कागदावर आले म्हणजे आराखडा. आराखडा नसेल तर येणारा निधी दुसऱ्याच्या यादीप्रमाणे खर्च होतो.

तिसरे लक्षण हिशेब. बँकेचे पासबुक कोणाच्या घरी आहे, सह्या कोणाच्या, मस्टर वाचून कोण दाखवते? या तीन प्रश्नांची उत्तरे पोडातल्या म्हातारीला देता आली तर ती भागीदारी आहे. ती देता येत नसतील तर अध्यक्षाची सही ही फक्त शाई.

५. ज्यांनी करून दाखवले

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे बांबूच्या विक्रीचा अधिकार ग्रामसभेकडे आला आणि त्यातून गावाचा स्वतःचा कोष उभा राहिला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये एक हजार हेक्टरांहून थोड्या अधिक जंगलाचा हक्क मिळाला. तेंदूपत्त्यासाठी झाडे छाटली जातात, वणवे लावले जातात, म्हणून त्या ग्रामसभेने तेंदूपत्त्याचे उत्पन्नच सोडून दिले आणि जंगलाचा एक भाग देवराईसारखा पूर्ण राखून ठेवला. हातावर पोट असलेल्या गावाने घेतलेला हा निर्णय आहे. मालकीची खात्री असल्याशिवाय कोणी असा त्याग करत नाही. घरट्यातील आईला सोडून देण्याची आज्ञा तेथे पाळली गेली, शास्त्र न वाचताही.

अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाने गवताळ माळरान आणि तणमोर पक्षी राखण्याचे काम हाती घेतले. ज्यांच्यावर शिकारी म्हणून शिक्का मारला गेला, त्यांच्याइतकी पाखरांची खूण कोणाला कळणार? लातूर आणि नांदेडमधील पारधी वस्त्यांवर काम करणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर अभ्यासावे.

परदेशातही हाच अनुभव आहे. आफ्रिकेतील झिंबाब्वेने १९८९ पासून वन्यजीवांचे उत्पन्न गावांना देण्याचा कार्यक्रम सुरू केला, पण अधिकार जिल्ह्याच्या परिषदांकडे राहिला आणि पैशाचा मोठा वाटा तेथेच अडकला. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून अधिकार थेट स्थानिक समूहांना दिला. तेथे अशा समूहांची संख्या वाढत गेली आणि प्राण्यांचीही. निधी दोन्हीकडे होता. फरक पडला तो राखणदाराच्या हाती काय दिले यावरून.

६. आपण काय करावे?

आपण सेवाकार्य करणारे लोक आहोत. आपली जागा ग्रामसभेच्या मागे आहे, पुढे नाही. निधीचे ठेकेदार आपण होऊ नये. शासननिर्णय गोंडीत, कोलामीत समजावून सांगणे, दाव्यासाठी नकाशा करायला मदत करणे, तरुणांना हिशेब लिहायला शिकवणे, किनवटच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयापर्यंत आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांपर्यंत लोकांसोबत जाणे, ही आपली कामे. यात धर्म विचारायचा नाही. जंगल राखणारा कोणत्या देवाला हात जोडतो यावर मदत ठरत असेल तर ती सेवा नव्हे.

वनरक्षकालाही शत्रू समजू नका. एकेका वनरक्षकाकडे केवढी तरी बीट असते आणि रात्री वणव्यात तोच पहिला धावतो. ग्रामसभेचे पाच जण त्याच्यासोबत उभे राहिले तर दोघांचेही ओझे हलके होते.

पैशाच्या बाबतीत पौलाचा कित्ता गिरवावा. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेले दान नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला. कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये आणि देवासमोर तसेच माणसांसमोरही व्यवहार चांगला दिसावा, हा त्याचा हेतू होता. प्रभूनेही थोडक्यात विश्वासू असणाऱ्याची कसोटी सांगितली ती पैशाच्याच संदर्भात. दहा हजारांच्या पाणवठ्याचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला गेला, तर दहा लाखांचा आराखडा मागताना गावाचा आवाज खाली येणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात वन समिती आहे का? तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तिच्यात किती स्त्रिया होत्या?
२. आपल्या गावाने सामूहिक वनसंसाधनाचा दावा केला आहे का? नसेल तर कोणता कागद अडला आहे?
३. गेल्या वर्षीच्या पेसा निधीतून जंगल आणि वन्यजीवांच्या बाबीवर किती खर्च झाला? ग्रामसभेत हा हिशेब वाचला गेला का?
४. जंगलातून आपण काय घ्यायचे आणि कोणती 'आई' सोडून द्यायची, हे गावाने मिळून ठरवले आहे का?

प्रार्थना

हे देवबापा, ही भूमी तुझी आहे. तिच्यावर चालणारा वाघ, चरणारे काळवीट आणि पोडात चूल पेटवणारी आई, सर्व तुझेच आहेत. ज्यांच्या हाती निधी आहे त्यांना न्यायबुद्धी दे. ज्यांच्या हाती राखण आहे त्यांना त्यांचा वाटा मिळू दे. आणि आम्हाला आमच्या भावांचे व तुझ्या बागेचे विश्वासू राखणदार कर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.