थ्री नॉट थ्री घेण्याआधी

पोलिसाच्या खांद्यावरची थ्री नॉट थ्री आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेली असते. भारतात ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, त्यामुळे सामान्य माणसाच्या हाती लागणं जवळपास अशक्यच. अमेरिकेत मात्र ब्रिटिश लष्कराने मोडीत काढलेली हीच रायफल, म्हणजे ली-एनफिल्ड, दुकानात मिळते आणि इथे राहणाऱ्या मराठी माणसाला तिचा मोह पडतो. मलाही पडला. (व्हिसावर असणाऱ्यांना इथला केंद्रीय कायदा सहसा बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड झाल्यावरच या वाटेला जावं आणि आपल्या राज्याचे नियमही पाहून घ्यावेत.)

मला दाखवलेली रायफल दुसऱ्या महायुद्धातली नंबर फोर होती. दस्त्याचं लाकूड तेल पिऊन काळसर झालेलं, नळी आतून लखलखीत. "सगळे पार्ट ओरिजिनल," विक्रेता म्हणाला. मी बोल्टच्या मुठीमागचा नंबर वाचला, मग बॉडीवरचा. दोन्ही वेगळे.

लोक नळीत डोकावतात आणि बोल्टकडे पाहतसुद्धा नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. कारखान्यात प्रत्येक बोल्ट आपापल्या बॉडीला बसवून दिलेला असे; पुढे रायफली खोलताना, विकताना सुटे बोल्ट एकमेकांत मिसळले. मी ती रायफल गनस्मिथकडे नेली. ०.०७४ इंचाच्या हेडस्पेस गेजवर बोल्ट अडायला हवा होता. तो लोण्यात सुरी जावी तसा बंद झाला.

बोल्टचं डोकं आणि काडतुसाची कड जिथे टेकते ती जागा यांमधलं अंतर, म्हणजे हेडस्पेस, वाढलं की बार उडताना काडतुसाचं पितळ मागे ताणलं जातं आणि बुडाच्या जरा वर तुटतं. तापलेला वायू मग बोल्टच्या वाटेने तोंडाकडे येऊ शकतो. म्हणून संरक्षक चष्म्याशिवाय ही रायफल कधीच चालवू नये. नंबर फोरच्या बोल्टचं डोकं ० ते ३ अशा चार मापांत मिळतं. मोठं डोकं बसवून पुष्कळदा काम भागतं, पण ते गेज हातात असलेल्या माणसानेच करावं. ती रायफल मी घेतली नाही. पुढे नंबर जुळणारी मिळाली.

चांगल्या रायफलीचाही चेंबर ऐसपैस असतो. चिखलमातीतही काडतूस सहज आत जावं म्हणून. त्यामुळे वापरलेली काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांनी फक्त मान आवळावी, पूर्ण काडतूस नाही. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून बुडाजवळ फिरवा. नख अडकावं तशी खाच लागली तर ते पितळ भंगारात.

इशापूरला बनलेल्या टू-ए आणि टू-ए-वन रायफली दिसायला तशाच, पण ७.६२ च्या. त्यांची काडतुसं वेगळी, म्हणून शिक्का वाचल्याशिवाय काहीही भरू नका.

जुन्या सरप्लस काडतुसांच्या प्रायमरमधून नळीत क्षार उरतो. तो हवेतलं पाणी ओढतो आणि दमट दिवसांत रात्रीतून गंज धरतो. नुसत्या तेलाने तो जात नाही. मी रेंजवरून आल्या आल्या बोल्ट काढतो, चेंबरकडून नरसाळ्याने उकळतं पाणी ओततो. आधी काळं, मग राखाडी, मग स्वच्छ पाणी येतं. नळी गरम असल्याने ती आपोआप वाळते. मग चिंधी फिरवून तेल. आणि रेंजवर अशी काडतुसं चालवताना ट्रिगर दाबल्यावर नुसती टक वाजली तर नळी टार्गेटकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबा, बोल्टला हात लावू नका. जुनं काडतूस कधीकधी उशिरा उडतं.