यादीत न सापडणारा प्रोसेसर कसा ओळखावा?



हल्ली घरोघरी लॅपटॉप आला आहे. नातवंडांचा अभ्यास, बँकेची कामे, भारतातील नातलगांशी बोलणे, सारे त्यावरच चालते. नवा किंवा वापरलेला लॅपटॉप घेताना विक्रेता एक नाव सांगतो, ‘यात आय-७ आहे’, आणि आपण मान डोलावतो. घरी येऊन कंपनीच्या यादीत ते नाव शोधावे तर ते सापडत नाही, किंवा सापडते ते भलतेच. हजारो शेकेल मोजून घेतलेली वस्तू सहा वर्षांची जुनी निघाली तर दोष कोणाला द्यावा? म्हणून या लेखात प्रोसेसरचे नाव कसे वाचावे आणि यादीत नाव नसेल तर पारख कशी करावी, हे क्रमाने पाहू.

१. नाव कसे वाचावे

आपल्याकडे आडनावावरून गाव कळते. पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे. प्रोसेसरचेही तसेच आहे. इंटेल कंपनीचे ‘कोअर आय५-८२५०यू’ हे नाव घ्या. ‘आय५’ म्हणजे दर्जा. त्यापुढील आकड्यातला पहिला अंक म्हणजे पिढी, येथे आठवी. शेवटचे ‘यू’ हे अक्षर म्हणजे कमी वीज खाणारा, साधारण १५ वॅटचा. ‘एच’ असेल तर सुमारे ४५ वॅटचा, जड कामाचा. ‘वाय’ असेल तर फारच कमी विजेवर चालणारा, म्हणून हळू.

येथे एक खाचखळगा आहे. आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक मिळून पिढी समजावी. ‘११३५जी७’ म्हणजे अकरावी पिढी, ‘१२३५यू’ म्हणजे बारावी. पहिली पिढी नव्हे! यातील ‘जी७’ हे चित्र दाखवणाऱ्या भागाचा दर्जा सांगते.

डिसेंबर २०२३ पासून इंटेलने ‘आय’ हे अक्षर गाळून ‘कोअर अल्ट्रा’ ही नवी नावे आणली, आणि २०२४ च्या आरंभी नुसते ‘कोअर ५’ असेही नाव आले. ‘कोअर अल्ट्रा ५ १२५यू’ आणि ‘कोअर ५ १२०यू’ ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण दोहोंची घडण वेगळी आहे. दुसऱ्याची घडण आधीच्या पिढीची आहे. तेव्हा ‘अल्ट्रा’ हा शब्द आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एएमडी कंपनीची तऱ्हा निराळी. २०२३ च्या मालासाठी तिने जी पद्धत ठरवली, तीत पहिला अंक वर्षाचा आणि तिसरा अंक आतल्या घडणीचा. रायझेन ५ च्या ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू या तीन नावांत फरक केवळ तिसऱ्या अंकाचा. पण पहिल्याची घडण ‘झेन २’ म्हणजे मूळ २०१९ ची, दुसऱ्याची ‘झेन ३’ म्हणजे २०२० ची, आणि तिसऱ्याची ‘झेन ४’ म्हणजे २०२२ ची. पहिल्यात ४ कोअर आहेत, उरलेल्या दोघांत ६. पाटी एकच, माल तीन प्रकारचा.

२. गुणांचे आकडे

आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथ पाळीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्या घाण्यावरूनच हे आकडे समजून घेऊ.

कोअर म्हणजे घाणे किती, ते. थ्रेड म्हणजे घाणा रिकामा फिरू नये म्हणून त्याला पाळीने दाणे पुरवणारे हात. बहुधा एका मोठ्या कोअरला दोन. गीगाहर्ट्झ म्हणजे बैलाची चाल. कॅश म्हणजे घाण्याशेजारची टोपली. ती मोठी असली की कोठारापर्यंतच्या खेपा वाचतात. वॅट म्हणजे बैलाचा चारा.

नुसती बैलाची चाल पाहून घाणा घेऊ नये. एक उदाहरण पाहा. आय७-७५००यू हा २०१६ चा प्रोसेसर. त्यात २ कोअर, ४ थ्रेड, ४ एमबी कॅश, मूळ वेग २.७ गीगाहर्ट्झ. आय५-८२५०यू हा २०१७ चा. त्यात ४ कोअर, ८ थ्रेड, ६ एमबी कॅश, मूळ वेग १.६ गीगाहर्ट्झ. विक्रेता म्हणेल, पहिला ‘आय-७’ आहे आणि वेगही जास्त. पण गरजेच्या वेळी दुसराही ३.४ गीगाहर्ट्झपर्यंत जातो, पहिला ३.५ पर्यंत. म्हणजे चाल जवळजवळ सारखी, आणि घाणे दुप्पट. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ साठीच्या यादीत आठवी पिढी आहे, ७५००यू नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बँकेचे काम ज्यावर करायचे, त्या यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही.

बाराव्या पिढीपासून इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये मोठे आणि लहान असे दोन जातींचे कोअर येतात. आय५-१२३५यू मध्ये २ मोठे व ८ लहान, मिळून १० कोअर. मोठ्यांना दोन-दोन थ्रेड, लहानांना एकेक. म्हणून एकूण १२ थ्रेड.

३. नाव यादीत का नसते?

पहिले कारण, माल एकाच गिऱ्हाइकासाठी बनवलेला असतो. २००८ साली ॲपलच्या पहिल्या मॅकबुक एअरसाठी इंटेलने आपला कोअर २ ड्युओ लहान वेष्टनात बसवून दिला. आतली घडण ‘मेरोम’ या टोपणनावाची होती. यहोशवाच्या ग्रंथातील मेरोमच्या पाण्याचे हे नाव. कारण ही घडण इंटेलच्या हैफा येथील मंडळींनी केली होती. ते केंद्र १९७४ साली डोव्ह फ्रोमन यांनी सुरू केले. २००३ चा ‘बानियास’ही तिथलाच. तसेच २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्या सरफेस लॅपटॉप ३ साठी एएमडीने रायझेन ५ ३५८०यू बनवला. तो नेहमीच्या ३५००यू चा सख्खा भाऊ. फक्त चित्र दाखवणारे भाग ८ ऐवजी ९. असा माल खोटा नसतो. त्याचा जवळचा भाऊ शोधला की गुण कळतात.

दुसरे कारण, तो कारखान्याच्या चाचणीचा नमुना असतो. विंडोजमध्ये नावाच्या जागी ‘जेन्युइन इंटेल’ आणि पुढे चार शून्ये दिसली तर हा संशय धरावा. हे नमुने विक्रीसाठी नसतात आणि त्यांना हमी नसते. स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

तिसरे कारण, नाव अर्धवट किंवा चुकीचे सांगितलेले असते. ‘आय-७’ हे नाव नव्हे. ते नुसते ‘कर’ म्हणण्यासारखे आहे. पुढचा पूर्ण आकडा आणि अक्षर मागावे.

४. पारख कशी करावी?

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ व मग ‘अबाउट’ येथे नाव दिसते. पण तेथील नाव बदलता येते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’ निवडले की कोअर, लॉजिकल प्रोसेसर (म्हणजेच थ्रेड), मूळ वेग आणि कॅश दिसतात. हे आकडे कागदावर उतरवून कंपनीच्या यादीतील आकड्यांशी ताडून पाहावेत. जुळले नाहीत तर नाव खोटे समजावे.

अधिक खात्रीसाठी ‘सीपीयू-झेड’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. तो आतल्या घडणीचे टोपणनाव आणि ‘फॅमिली’, ‘मॉडेल’ असे क्रमांक दाखवतो. हे क्रमांक चिपच्या आतच कोरलेले असतात, म्हणून यादीत नाव नसले तरी घराणे कळते. नाव आणि घराणे यांचा मेळ बसला पाहिजे.

५. सराव

(अ) आय७-१२५५यू कोणत्या पिढीचा?
(आ) रायझेन ५ ७५३०यू ची घडण कोणती?
(इ) विक्रेता आय५-१२३५यू सांगतो, पण टास्क मॅनेजर ४ कोअर व ८ लॉजिकल प्रोसेसर दाखवतो. काय करावे?

उत्तरे: (अ) बारावी. (आ) झेन ३. (इ) घेऊ नये. १० आणि १२ दिसायला हवे होते.

पैसे देण्यापूर्वी यंत्र चालू करून ही तपासणी दुकानातच करावी. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि प्रामाणिक विक्रेता त्याला कधी हरकत घेणार नाही. ज्यांना इंग्रजी अक्षरे वाचण्यास अडचण पडते, त्यांनी हा लेख घरातील मुलांच्या हाती देऊन त्यांच्याकडून आकडे वाचून घ्यावेत. मुले यंत्र चालवतील, पण काय विचारायचे ते वडीलधाऱ्यांना ठाऊक असावे.