मत्स्यालयातील शैवाल आणि हौशी संग्राहकांची जबाबदारी

शोभेची वनस्पती म्हणून देशोदेशी नेलेली जलपर्णी पुढे तळी आणि नद्या कशी ग्रासून टाकते, हे आपल्याकडील अनेक गावांनी अनुभवले आहे. खाऱ्या पाण्यातही असाच प्रकार घडू शकतो. 'कॉलेर्पा टॅक्सिफोलिया' या हिरव्या शैवालाची हकीकत त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

उष्ण कटिबंधातील समुद्रांत निसर्गतः वाढणारे हे शैवाल पिसासारखा आकार आणि जलद वाढ यांमुळे मत्स्यालयांत लोकप्रिय झाले. माशांच्या विष्ठेमुळे पाण्यात साठणारे नायट्रेटही ते शोषून घेते. मत्स्यालयांत वाढविलेला त्याचा एक वाण मात्र थंड पाण्यातही तग धरणारा निघाला.

एक चौरस मीटरपासून आरंभ

१९८४ मध्ये मोनॅको येथील समुद्रविज्ञान संग्रहालयाखालच्या समुद्रतळावर या वाणाचा सुमारे एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. त्या वेळी तो काढून टाकणे सहज शक्य होते. तसे झाले नाही. पुढे शैवालाचे मूळ कोणते, या वादात बहुमोल वर्षे गेली आणि २००० च्या सुमारास सहा देशांच्या किनाऱ्यांवर मिळून १३,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्र बाधित झाले. त्यानंतर अनेक ठिकाणी ते ओसरले असले, तरी मधल्या काळात माशांच्या पिलांना आसरा देणाऱ्या समुद्री गवताच्या कुरणांवर त्याने आक्रमण केले.

या शैवालाचा संपूर्ण देह एकाच महाकाय पेशीचा असतो. त्याच्या लहानशा तुकड्यापासूनही नवे शैवाल वाढते. नौकांचे नांगर आणि मासेमारीची जाळी हे तुकडे दूरवर नेतात. त्यातील विषारी द्रव्यामुळे बहुतेक शाकाहारी जलचर ते खात नाहीत.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जून २००० मध्ये कार्ल्सबाडजवळील खाजणात हेच शैवाल सापडले. तेथे तीन आठवड्यांच्या आत उपाय सुरू झाला. शैवालावर ताडपत्र्या अंथरून त्यांखाली क्लोरीन सोडण्यात आला. २००६ मध्ये निर्मूलन पूर्ण झाल्याचे घोषित झाले. परंतु त्यासाठी ७० लाख डॉलरांहून अधिक खर्च आला. दरम्यान २००१ मध्ये त्या राज्याने या व तत्सम जातींच्या विक्रीवर आणि बाळगण्यावर बंदी घातली.

हौशी संग्राहकांनी काय करावे?

मत्स्यालयातील शैवाल, मासे अथवा पाणी समुद्रात, खाडीत, नाल्यात किंवा गटारात कधीही सोडू नये. जीव वाचावा या सद्हेतूने केलेले विसर्जनही घातक ठरू शकते. नको असलेले शैवाल पिशवीत बंद करून किमान २४ तास गोठवावे आणि मगच कचऱ्यात टाकावे. विकत आणलेल्या सागरी दगडांवर शैवालाचे तुकडे चिकटून येतात. ते तपासून घ्यावेत. जातीचे नाव निश्चित ठाऊक नसल्यास खरेदी टाळावी.

शाळेत मत्स्यालय असल्यास शिक्षकांनी हे नियम विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावेत. किनाऱ्यावरील पंचायत सदस्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. कॉलेर्पाच्या काही जाती भारतीय समुद्रांत मूळच्याच आहेत. म्हणून अपरिचित शैवाल झपाट्याने पसरताना दिसल्यास ते स्वतः उपटू नये. उपटताना तुटलेले तुकडेच प्रसार वाढवितात. जागा नोंदवून मत्स्यव्यवसाय विभागास त्वरित कळवावे.

पट्टा एक चौरस मीटरचा असतानाच जे साधते, ते पुढे लक्षावधी रुपये खर्चूनही साधेलच असे नाही.