व्यास : भूमितीतील अर्थ आणि विकासाचे गणित

वर्तुळाच्या केंद्रातून जाणारी जीवा म्हणजे व्यास, ही व्याख्या शालेय भूमितीत सर्वांनी पाठ केलेली असते. व्यास हा त्रिज्येच्या दुप्पट असतो, हेही सर्वांना ठाऊक असते. अंकगणिताचे प्रश्न सोडविण्यास एवढे ज्ञान पुरते. परंतु पाणीपुरवठा, वायुप्रदूषण, बांधकाम किंवा वनसंपत्ती या विषयांवरील शासकीय अहवाल वाचताना हाच शब्द निरनिराळ्या अर्थांनी समोर येतो आणि तेथे तो केवळ एक लांबी सांगत नाही. योजनेवर किती खर्च होणार, गावाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचणार की नाही, कोणत्या शहराची हवा सुधारली असे म्हणायचे, हे त्या एका मापावर अवलंबून असते. त्यामुळे व्यास कशाचा, तो कसा मोजला आणि त्याचा कितवा घात महत्त्वाचा, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घेणे इष्ट ठरेल.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘फेकणे’ या अर्थाचा ‘अस्’ हा धातू यांपासून ‘व्यास’ हा शब्द बनला आहे. पसरविणे, विस्तार करणे हा त्याचा मूळ भाव. व्याकरणात आपण शिकतो तो ‘समास’ याच धातूपासून आलेला, नेमका उलट अर्थाचा शब्द आहे. प्राचीन गणितात व्यासासाठी ‘विष्कंभ’ हा शब्दही रूढ होता. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ असतो असे सांगितले. म्हणजे गुणोत्तर ३.१४१६. विशेष म्हणजे हे मूल्य ‘आसन्न’, अर्थात जवळपासचे आहे, हेही त्याने नमूद केले. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५० आणि व्यवहारासाठी २२/७ अशी दोन मूल्ये दिली. कोणत्या कामाला किती अचूकता लागते, याचा हा विवेक आजच्या आकडेवारीच्या युगातही दुर्मिळच म्हणावा लागेल.

आधुनिक गणिताने व्यासाची संकल्पना वर्तुळापुरती ठेवलेली नाही. कोणत्याही आकृतीतील दोन बिंदूंमधील अधिकाधिक अंतर म्हणजे त्या आकृतीचा व्यास, अशी व्यापक व्याख्या केली जाते. त्यानुसार चौरसाचा व्यास म्हणजे त्याचा कर्ण आणि समभुज त्रिकोणाचा व्यास म्हणजे त्याची बाजू. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. समभुज त्रिकोणाच्या बाजूएवढा व्यास असलेले वर्तुळ घेतले, तर तो त्रिकोण त्यात मावत नाही. त्यासाठी सुमारे १.१५ पट व्यासाचे वर्तुळ लागते. व्यास समान असणे म्हणजे आकार समान असणे नव्हे.

जाळ्यांच्या अभ्यासातही हीच व्याख्या उपयोगी पडते. कोणत्याही दोन केंद्रांमधील सर्वांत जवळचा मार्ग किती टप्प्यांचा आहे हे पाहावे. अशा सर्व मार्गांपैकी जो सर्वांत लांब, तो त्या जाळ्याचा व्यास. एका रांगेत जोडलेल्या दहा गावांच्या जाळ्याचा व्यास नऊ असतो. तीच दहा गावे त्यांपैकी एका मध्यवर्ती गावाला थेट जोडली तर तो दोनवर येतो. विमान कंपन्या मोठ्या शहरांत मध्यवर्ती तळ ठेवतात त्यामागे हे तत्त्व आहे. अर्थात तो तळ धुक्यामुळे बंद पडला की सर्वच प्रवासी अडकतात, ही त्याची दुसरी बाजू.

घातांचा परिणाम

व्यास ही लांबी असली तरी व्यवहारात आपल्याला हवे असते ते क्षेत्रफळ, वजन किंवा प्रवाह, आणि या राशी व्यासाच्या वर्गाच्या, घनाच्या किंवा त्याहूनही वरच्या घाताच्या प्रमाणात बदलतात. बांधकामावरील पर्यवेक्षक पोलादी सळईचे वजन काढताना मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागतात. उत्तर प्रति मीटर किलोग्रॅममध्ये येते. त्या हिशेबाने १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते, तर १६ मिलिमीटरची १.५८ किलो. व्यास एक तृतीयांशाने वाढला, पोलाद मात्र ७८ टक्क्यांनी वाढले. याउलट १२ मिलिमीटरच्या नावाखाली प्रत्यक्षात ११ मिलिमीटरची सळई वापरली गेली, तर डोळ्यांना फरक जाणवणार नाही. पण स्तंभातील सुमारे १६ टक्के पोलाद नाहीसे झालेले असेल.

जलवाहिनीचे अर्थशास्त्र

या तत्त्वाचा सर्वांत मोठा आर्थिक परिणाम नळ योजनांत दिसतो. दि. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील प्रत्येक व्यक्तीला दररोज ५५ लिटर पाणी नळाद्वारे देण्याचे प्रमाण ठरविण्यात आले. दोन हजार लोकवस्तीच्या गावाला त्यानुसार दिवसाला १ लाख १० हजार लिटर पाणी लागेल. हे पाणी चोवीस तास समप्रमाणात वाहिले तर सेकंदाला सुमारे १.२७ लिटर एवढाच प्रवाह पुरेल. परंतु सकाळी मागणी वाढते. त्यामुळे आराखड्यात लहान गावांसाठी सरासरीच्या तिप्पट प्रवाह गृहीत धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे सेकंदाला ३.८ लिटर. आता तेवढेच पाणी दिवसातून केवळ दोन तास सोडायचे ठरविले, तर सर्व नळ एकदमच उघडतात आणि प्रवाह सेकंदाला १५.३ लिटर, म्हणजे चौपट लागतो.

जलवाहिनीतील प्रवाहासाठी वापरल्या जाणाऱ्या हेझन-विल्यम्स सूत्रानुसार, दाबाची प्रति मीटर घट तीच ठेवली तर प्रवाह व्यासाच्या २.६३ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्यास दुप्पट केला की प्रवाह सहा पटींहून थोडा अधिक होतो. म्हणूनच एका चार इंची नळाऐवजी दोन दोन-इंची नळ टाकून भागत नाही. सहा टाकले तरी किंचित कमीच पडतील. चौपट प्रवाहासाठी व्यास सुमारे १.७ पट करावा लागतो. दाब सोसण्यासाठी नळाची जाडीही व्यासाच्या प्रमाणात वाढवावी लागत असल्याने साहित्य व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ तिप्पट लागते. खंडित पाणीपुरवठा ही काटकसर आहे असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. वितरणाच्या जाळ्यापुरते बोलायचे तर ती काटकसर नसून उधळपट्टी आहे. आणि मोठ्या व्यासाच्या नळांवर खर्च न करता पाणी मात्र दोनच तास सोडले, तर टाकीजवळच्या घरांचे हंडे भरतात आणि शेवटच्या टोकाच्या वस्तीपर्यंत दाब पोहोचत नाही. ती वस्ती बहुधा कोणाची असते, हे ग्रामीण भागाशी परिचय असणाऱ्यांना सांगावयास नको.

अर्थशास्त्र हा ऐच्छिक विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांना येथे उत्पादनफलनाचे एक उत्तम उदाहरण मिळते. हॉलिस चेनरी यांनी १९४९ मध्ये अभियांत्रिकी नियमांवर आधारित उत्पादनफलनाची कल्पना मांडताना नैसर्गिक वायूच्या वाहिनीचेच उदाहरण घेतले होते. ठरावीक वायू वाहून न्यायचा तर मोठ्या व्यासाची वाहिनी आणि कमी अश्वशक्ती, किंवा लहान व्यास आणि अधिक अश्वशक्ती, असे पर्याय असतात. व्यास म्हणजे भांडवल, अश्वशक्ती म्हणजे ऊर्जा, आणि दोहोंचे समउत्पादन वक्र भौतिकशास्त्राच्या सूत्रातूनच काढता येतात. कोणते मिश्रण निवडावे हे दोहोंच्या सापेक्ष किमतींवर ठरते.

हाच विचार शेतीपंपाला लावून पाहावा. प्रवाह तोच ठेवून वाहिनीचा व्यास २० टक्क्यांनी कमी केला तर साहित्यात ३६ टक्के बचत होते. परंतु घर्षणामुळे होणारी दाबाची घट जवळजवळ तिप्पट होते आणि तेवढी अधिक वीज पंपाला घ्यावी लागते. नळाची किंमत शेतकरी स्वतः मोजतो. पंजाब, तामिळनाडू यांसारख्या राज्यांत शेतीपंपांची वीज मोफत असल्याने वाढीव विजेचा भार मात्र राज्याच्या तिजोरीवर पडतो. अशा स्थितीत लहान व्यासाचा नळ निवडणारा शेतकरी अडाणी नसतो. त्याच्यासमोर असलेल्या किमतींना तो अगदी सुसंगत प्रतिसाद देत असतो. विजेवरील अनुदानाचा एक अंश नळाच्या व्यासाकडे वळविला, तर दोन्ही पक्षांचा लाभ होण्यास वाव आहे.

परीक्षेच्या दृष्टीने एक व्यावहारिक बारकावाही ध्यानात ठेवावा. आपल्या देशात पीव्हीसी नळांचे माप बाह्य व्यासावरून सांगतात, तर जस्तलेपित लोखंडी नळांचे माप आतील पोकळीच्या नाममात्र व्यासावरून. अधिक दाब सोसणाऱ्या पीव्हीसी नळाची भिंत जाड असते. त्यामुळे ११० मिलिमीटर एवढेच लिहिलेल्या दोन नळांतून सारखे पाणी येईलच असे नाही.

जेथे वर्तुळच नाही

हवेतील धूलिकण गोल नसतात. काही काजळीच्या साखळ्या असतात, काही खडीचे कोपरेदार तुकडे. तरीही पीएम १० आणि पीएम २.५ या संज्ञांतील आकडे मायक्रोमीटरमधील व्यासच सांगतात. हा ‘वायुगतिकीय व्यास’ होय : जो कण स्थिर हवेत पाण्याएवढ्या घनतेच्या एखाद्या गोलाइतक्याच वेगाने खाली बसतो, त्या गोलाचा व्यास त्या कणाला बहाल केला जातो. हे माप कणाच्या आकाराचे नसून वर्तनाचे आहे. पीएम १० मध्ये पीएम २.५ चाही अंतर्भाव असतो, ही बाब अनेक उत्तरपत्रिकांत निसटते.

येथेही घात निर्णायक ठरतात. दहा मायक्रोमीटरच्या एका गोलाचे वस्तुमान अडीच मायक्रोमीटरच्या गोलाच्या ६४ पट असते. प्रदूषण मात्र आपण प्रति घनमीटर मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे वजनाने मोजतो. साहजिकच थोडे जाडे कण कमी झाले तरी आकडा झपाट्याने सुधारतो. मोठे कण बऱ्याच प्रमाणात नाक-घशातच अडतात. बारीक कण फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम १० ची वार्षिक मर्यादा ६० आणि पीएम २.५ ची ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेल्या पातळ्या अनुक्रमे १५ आणि ५ आहेत.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात प्रारंभी दोन्ही प्रकारच्या कणांत २० ते ३० टक्के घट अपेक्षित होती. पुढे २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांपर्यंत घट करण्याचे सुधारित उद्दिष्ट पीएम १० च्या संदर्भात ठेवण्यात आले आणि शहरांची कामगिरीही मुख्यतः त्यावरच जोखली गेली. त्यामुळे रस्ते झाडणारी यंत्रे, पाणी फवारणी, पदपथांचे फरसीकरण यांकडे निधीचा मोठा ओघ गेला. ही कामे निरर्थक नाहीत. परंतु मोजपट्टी १० ची ठेवली की पैसा धुळीकडे जातो आणि २.५ ची ठेवली की चूल, वाहनांचा धूर, कारखाने व औष्णिक केंद्रे यांकडे पाहावे लागते, हे उघड आहे.

बारीक कणांबाबत आणखी एक अडचण आहे. खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, व्यास चतुर्थांश झाला की तेवढ्याच उंचीवरून खाली येण्यास सोळापट वेळ लागतो. तेवढ्या अवधीत वारा तो कण जिल्ह्याची आणि राज्याची सीमा ओलांडून नेतो. महापालिकेच्या हद्दीत आखलेली योजना त्याला पुरी पडत नाही. दिल्ली आणि लगतच्या राज्यांतील परिसरासाठी स्वतंत्र वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोग २०२१ च्या कायद्याने स्थापन करावा लागला, त्यामागे हेच भौतिक कारण होते.