सडपातळ अंग, सुटलेले पोट : आहार कसा ठेवावा?

"डॉक्टरसाहेब, मी तर सडपातळ, मला कुठली आली साखर?" हा प्रश्न दवाखान्यात वारंवार ऐकू येतो. मधुमेह हा जाड माणसांचाच रोग, असा समज आपल्याकडे रुजला आहे. परंतु हातपाय बारीक आणि पोट मात्र पुढे आलेले, अशी माणसे गावोगावी दिसतात. वजनकाटा त्यांना निरोगी ठरवतो. रक्ततपासणी मात्र अनेकदा वेगळेच सांगते.

याचा उलगडा करण्यात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बी.एम.आय. दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात असेही आढळले, की तेथील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी असली, तरी त्यांच्यात स्नायू कमी व चरबी त्यामानाने टिकून असते. म्हणजे ही ठेवण जन्मापासूनची. तिच्यामागे आनुवंशिकता असते, तसेच आईचे गरोदरपणातील पोषणही असते.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त असली, की इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो व साखर रक्तातच राहते.

मग आपला देह कोणत्या प्रकारचा, हे कसे ओळखावे? शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून माप घ्या. पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर माप गेले, तर साखर तपासून घ्यावी. आपल्याकडे बी.एम.आय. २३ झाला, तरी सावध व्हावे.

अशा व्यक्तीने नुसती उपासमार करू नये. त्याने स्नायू आणखी झडतात. भात, साखरेचा चहा, फरसाण कमी करावे आणि वरण, उसळी, दही, अंडी वाढवावीत. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. आपल्या वाशीम जिल्ह्यात तूर आणि सोयाबीन पिकते. पण सोयाबीन बाजार समितीत जाते, ताटात क्वचितच येते. ते भिजवून, चांगले शिजवूनच खावे. सोबत रोज चालणे व जोर-बैठकांसारखा व्यायाम हवाच.

याउलट दिवसभर शेतात राबणाऱ्या काटक माणसाने भाकरी कमी करण्याचे कारण नाही. दूध पिऊन पोट फुगत असेल, त्याने दही-ताक घेऊन पाहावे. विदर्भात सिकलसेल आढळतो. अशा रुग्णाने रक्त कमी आहे म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

हल्ली जनुके तपासून आहार ठरवून देण्याच्या जाहिराती येतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींना कमी स्निग्ध, तर काहींना कमी पिष्टमय आहार दिला. दोन्ही गटांचे वजन सरासरी पाच ते सहा किलो घटले. कोणाला कोणता आहार मानवेल, हे त्यांनी तपासलेल्या जनुकांवरून सांगता आले नाही.

तेव्हा हजारो रुपये त्यावर घालवण्यापेक्षा टेपने कंबर मोजा आणि चाळिशीची वाट न पाहता साखर तपासा. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल, तर हे काम उद्यावर टाकू नका.